झाकणापुरती दुर्बीण

भाऊ,

काल तुझी रायफल मी वरूडच्या ठाण्यात जमा केली. दुर्बीण दिली नाही.

हवालदार भला माणूस होता. रायफलच्या पाठीवरच्या रिकाम्या खाचांवरून त्यानं बोट फिरवलं आणि म्हणाला, "बाई, इथं काही बसवेल होतं का?" मी म्हटलं, होतं. "मंग ते कुठं हाय?" मी खांद्यावरची पिशवी थोपटली. "इथं हाय, अन् इथंच राहीन. बंदुकीले परवाना लागते, काचेले लागत नाही. लागत असन तं कुठं लिहिलं हाय ते दाखवा मले." शाळेत मी मुलींना शुद्ध बोलायला शिकवते, पण राग आला की माझ्या तोंडून आपल्या बागेतलीच भाषा निघते, हे तुला नव्यानं सांगायला नको. त्यानं पावती फाडून दिली.

दाराबाहेर विनायक उभा होता. आपला हा चुलतभाऊ अमरावतीला वकिली करतो, त्यामुळे त्याला वाटतं की जगातली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी नावावर करून घेता येते. तुला बायको नाही, मूल नाही, म्हणून अग्नी त्यानं दिला. अग्नी दिला म्हणून रायफल त्याची, असा त्याचा सरळ हिशेब. तेरावीच्या पंगती उठल्या, सुपारी फिरली आणि सगळ्यांदेखत तो मला म्हणाला, "कुसुम, भाऊची रायफल मी माझ्या नावावर करून घेतो. दुर्बिणीसकट. भाऊनं इतकी वर्षं वांदरं पोसली. मी आठ दिवसांत बाग साफ करून देतो." यंदाचा बहार घेतलेला ठेकेदार शेजारीच बसला होता, त्यानं मान डोलावली. तुझ्या पानातला घास कावळ्यानं नुकताच उचलला होता, आणि इथं हे बोलणं चाललेलं.

'साफ' या शब्दाचा मला इतका संताप आला, भाऊ, की त्या दिवसापुरतं तुझ्यासाठी रडणं राहूनच गेलं.

आपल्या शेंदूरजन्यात वानरं कुणी मारत नाही. डोंगर पाठीशी आहे, आंबिया बहाराच्या संत्र्यावर रंग चढला की कळपच्या कळप खाली उतरतो, फळ खातो त्याच्या दुप्पट नासतो, आणि लोक गोफण फिरवतात, फटाके लावतात, शिव्या देतात. पण मारत नाहीत. मारोतीचं लेकरू आहे ते. ज्याची अर्धी बाग नासली आहे तोसुद्धा शनिवारी मारोतीला तेल वाहून येतो आणि येताना वानरांना आईबहिणीवरून शिव्या घालतो. त्यात विसंगती आहे, असं आपल्या गावात कुणाला वाटत नाही. मलाही वाटत नाही.

तू मात्र त्यावर तुझी युक्ती काढलीस. बाबांची ती टू-टू बोअरची छोटी रायफल होतीच. पीक राखण्यासाठी घेतलेली, परवाना मध्यप्रदेशाच्या वेळचा, मग मुंबई राज्याचा झाला, मग महाराष्ट्राचा. राज्यं बदलली, पण रायफल बागेतल्या माळ्यावरून, राखणीच्या मचाणावरून, खाली उतरली नाही. तिचा बार असा बारका की वानरं दोन दिवसांत त्याला सरावली. तेव्हा तू नाल्याकाठच्या उंच धुऱ्याला, शेताच्या कडेला, लागून वनस्पती तुपाच्या डब्यांची झाकणं टांगलीस. मागं काळ्या मातीचा जाड बांध, त्यामुळे गोळी मातीत जिरायची, मजुराला धोका नाही. तू माळ्यावर बसून झाकणावर गोळी घालायचास. बार इकडे व्हायचा आणि झाकण तिकडे, वानराच्या कानाशी, किंचाळायचं. कुठं पळावं हेच त्यांना कळायचं नाही. "भीती दाखवाची असन तं दोन्हीकडून दाखवा लागते," तू म्हणायचास.

लोक हसायचे. "दोरी बांधून वाजव नं झाकण!" म्हणायचे. दोरीला वानरं कधीच सरावली होती, एक हुप्या, कळपातला थोराड नर, तर स्वतःच दोरी ओढून बघायचा. तुझ्या झाकणांना मात्र ती कधी सरावली नाहीत. झाकणाच्या खालच्या काठाला गोळी लागली की ते गिरकी घेऊन गात राहतं, हा तुझा आवडता शोध. त्या गिरकीवर तुझा जीव होता. मी सुटीत अमरावतीहून आले की चहाच्या आधी मला माळ्यावर न्यायचास आणि म्हणायचास, "पाय आता."

मग चाळिशी आली. पेपर हातभर लांब धरायला लागलास आणि कबूल करायला तयार नव्हतास. रायफलची मागची खाच दिसली की पुढचा ठिपका जायचा, ठिपका सापडला की झाकण जायचं. तीन वस्तू तीन अंतरांवर, आणि डोळा एका वेळी एकच धरायचा. त्या बहारात तुझ्या गोळ्या मातीतच जास्त गेल्या, आणि वानरं झाकणाखाली बसून सालं टाकत राहिली. तुला दुर्बीण हवी होती. हौसेसाठी नव्हे, तिच्यात ते सगळं एकाच ठिकाणी स्पष्ट दिसतं म्हणून.

तेव्हा विनायकच मदतीला धावला, हे त्यानं आज विसरावं याचं मला नवल वाटत नाही. परतवाड्याला त्याच्या ओळखीचे एक म्हातारे शिकारी होते, मेळघाटात आयुष्य घालवलेले. त्यांची दुर्बीण त्यानं मिळवून दिली. काय ती वस्तू! काळीभोर, मनगटाएवढी जाड, पुढची काच बशीसारखी. "घ्यायची तर मोठीच घ्यावी, एकदाच घ्यावी," असं विनायक म्हणाला, आणि आपण दोघंही भुललो. ती एवढी जाड होती की रायफलच्या पाठीवर बसेना. वरूडच्या लोहारानं उंच घोड्या करून दिल्या, त्यांच्यावर ती बसवली. दूरच्या झाकणावर तू ती नीट लावून घेतलीस, गोळी बरोबर काठाला, गिरकी झकास. त्या संध्याकाळी तू लहान पोरासारखा खूश होतास, आणि मीही टाळ्या पिटल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या झाकणाखाली एक मादी संत्रं सोलत बसली होती. तू नेहमीसारखा झाकणाच्या खालच्या काठावर नेम धरलास. झाकण वाजलं नाही.

ते मी लिहीत नाही, भाऊ. तू माळ्यावरून कसा उतरलास आणि धुऱ्यापाशी कसा बसलास, ते मी पाहिलं आहे आणि ते माझ्यापाशीच राहू दे.

गावानं जे करायचं ते केलं. तिरडी बांधली, गुलाल टाकला, भजनी मंडळी पुढं, आणि मारोतीच्या पारामागं तिला माती दिली. माणसाचं करतात तसंच आपल्याकडे वानराचं करतात, त्यात कुणाला काही वाटलं नाही. सगळ्यांना वाटलं ते पुढं. तू न्हाव्याला बोलावून डोकं आणि मिशी उतरवलीस, आणि तेरा दिवस बसलास. पाटलांनी समजावलं, की गावच्या वतीनं कुणीतरी बसतो, तू बाग बघ. तू म्हणालास, "ज्याच्या हातानं गेलं त्यानं बसाचं." अमरावतीला ही बातमी पोचली तेव्हा कोर्टात वकिलांच्या बारमध्ये म्हणे दोन दिवस हशा होता. मी तोवर सुटी संपून परतले होते; विनायकनं मला शाळेत येऊन सांगितलं, "तुझा भाऊ खुळावला. मेलेल्या माकडाचं सुतक धरून बसलाय. माझी अब्रू जाऊन राहिली." मी त्याला म्हटलं, "तुझी अब्रू एका वांदराच्या जिवावर होती, हे मले माहीत नव्हतं." शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी ऐकलं. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

वानराच्या तेरावीला मी पुन्हा गावी आले, तेव्हा सगळ्यांची अपेक्षा एकच होती, की आता तू रायफल विहिरीत टाकशील, निदान विकशील. पश्चात्ताप झालेल्या माणसानं असंच करायचं असतं. तू पान आटोपलंस, हात धुतलेस आणि मला विचारलंस, "कुसे, अकोल्याचं ते बंदुकीचं दुकान अजून हाय का?" पंगतीतून कुणीतरी म्हणालं, "अजून दुर्बीण? एवढं झाल्यावर?" तू म्हणालास, "एवढं झालं म्हणूनच." तुझ्यावर माझं प्रेम लहानपणापासून होतंच, भाऊ, पण आदर मला त्या दिवशी वाटला. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आपल्या घरात बहिणी भावाला असलं काही बोलत नाहीत, शिळी भाकर कुणी खायची यावर भांडतात.

आपलं भांडण मात्र त्या तेरा दिवसांतच सुरू झालं आणि तू गेलास तरी संपलेलं नाही. मी माळ्याच्या उभ्या बल्लीला दोन सुतळ्या बांधल्या, एक दुर्बिणीच्या उंचीवरून, एक नळीच्या उंचीवरून, आणि दोन्ही दूरच्या झाकणाला नेऊन जुळवल्या. "पाय भाऊ. दुर्बीण वर बसली, नळी खाली. दोघांची भेट तिकडे दूर होते. जवळच्या झाकणापाशी मधात किती जागा उरली ते बोटानं मोज." दोन बोटं उरत होती. गोळी तेवढी खाली जाणारच. शिवाय ती दुर्बीण दूरच्या शिकारीची, जवळ बघताना डोळा जरा हलला की आतली काळी फुलीही सरकायची. म्हणजे दोष दुर्बिणीचा होता, आणि ती गळ्यात मारणाऱ्या शहाण्याचा होता. तू बोट लावून मोजलंस. "बरोबर हाय तुहं," म्हणालास, "पण नेम माहाच होता." मी चिडले. गणित कबूल आणि उत्तर नाकबूल, असं कुठं असतं? मी आजही सांगते, दोष तुझा नव्हता. आता तरी उलट बोलू नकोस.

अकोल्याचा तो दिवस आठवला की मला आजही हसू फुटतं. त्या साली बागेला गळ लागली होती, फळं पिकायच्या आधीच खाली, हातात काही नाही. परदेशी माल येणं बंद झालेलं, त्यामुळे दुकानात जे होतं ते कुणाकुणाचं मोडीत आलेलं. तू एक पिशवी घेतली होतीस. मला वाटलं त्यात दशम्या आहेत. दुकानाच्या पायरीवर तू त्यातून झाकण काढलंस आणि मला दिलंस. "जा, त्या गल्लीच्या तोंडाशी उभी राय. डोक्यावर धर." मी, अमरावतीच्या मुलींच्या शाळेतली मास्तरीण, अकोल्याच्या भरबाजारात डोक्यावर वनस्पती तुपाच्या डब्याचं झाकण धरून उभी! सरकीची पोती घेऊन जाणाऱ्या गाड्या थांबल्या. एका बाईनं मला विचारलं, "नवस हाय का?" मी म्हटलं, "हो, भावाचा."

तू दुकानाच्या फळीवर गोणपाट घडी करून ठेवलंस, त्याच्यावर नुसती दुर्बीण, आणि एकेक बघत राहिलास. दुकानवाले चाचा प्रत्येक दुर्बिणीचं गुणगान गात होते. "ये देखो भाऊसाहब, चांद के खड्डे दिखेंगे!" तू म्हणालास, "चाचा, चंद्रावर वांदरं नाहीत. मले वाघ माराचा नाही अन् चंद्र पाहाचा नाही. मले त्या बाईच्या डोक्यावरचं झाकण मारा लागते." चाचा माझ्याकडे बघून दचकलेच. मग तुम्ही दोघं इतके हसलात की मला लांबूनही दिसलं.

एकीत फार मोठं दिसत होतं, पण झाकण शोधेपर्यंत वानर डोंगरावर पोचलं असतं. एकीच्या काचेत बुरशीची जाळी होती. एक छान होती पण तीही जाड, म्हणजे पुन्हा उंच घोड्या आल्या. आणि प्रत्येकीत बघताना तू दुर्बीण न हलवता डोळाच डावीउजवीकडे करत होतास, फुली झाकणावरून सरकते का ते बघत. चाचांना वाटलं तुझी मान दुखते. शेवटी त्यांनी कंटाळून कपाटातून एक काढली, बारकी, चुलीच्या फुंकणीएवढी, रंग उडालेली. "ये तो बच्चों की चीज है. छोट्या रायफलीचीच हाये, कोई लेता नहीं." तू ती लावलीस. डोळा हलवलास, फुली हलली नाही. जवळच्या अंतरासाठीच केलेली होती ती. रायफलच्या पाठीवरच्या खाचांत घोड्यांशिवाय, अगदी नळीला चिकटून बसणारी. तू गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मला हात केलास. मी झाकण खाली घेतलं, हात भरून आले होते.

"चाचा, झाकणापुरती पाहिजे होती. भेटली," तू म्हणालास. आणि विनायकनं मिळवून दिलेली ती बशीएवढी दुर्बीण चाचांच्या पुढ्यात ठेवून ही घेतलीस. चाचांना वाटलं तू फसलास, म्हणून त्यांनी वर चहा पाजला. एस.टी.त बसल्यावर मूर्तिजापूर आलं तेव्हा तू म्हणालास, "चाचा फसला." विनायकला कळलं तेव्हा तो महिनाभर आपल्याशी बोलला नाही. "वाघाची दुर्बीण देऊन फुंकणी आणली," असं सगळ्यांना सांगत फिरायचा. तेव्हापासून तो तिला फुंकणीच म्हणतो. आता तीच फुंकणी त्याला हवी आहे, कारण ती जे दाखवते ते खरं दाखवते, हे त्यानं इतकी वर्षं पाहिलं आहे.

घरी आल्यावर तू सरकीच्या पोत्यावर रायफल टेकवून प्रत्येक झाकणाच्या अंतरावर कागद लावलास आणि मगच झाकणं पुन्हा टांगलीस. जवळच्या झाकणावर लाल चिंधी बांधलीस. लाल चिंधी म्हणजे नेम वरच्या काठावर, म्हणजे गोळी थोडी खाली जाऊनही झाकणातच राहील. गिरकीचा तुझा आवडता नेम तू त्या दिवशी सोडलास. मी विचारलं, "गिरकी?" तू म्हणालास, "वाजलं म्हंजे झालं." त्यानंतर मी तुझं एकही झाकण गिरकी घेताना पाहिलं नाही.

आणि लाल चिंधीवरून आपलं दुसरं भांडण. मी म्हणत होते, ते जवळचं झाकण काढूनच टाक, बाकीची पुरेत. तू म्हणायचास, "ते काढलं तं मी भेलो असं होईन. मंग बाकीच्यावरही हात कापन." मी म्हणायचे, भिण्यात काय वाईट आहे? तू म्हणायचास, भिण्यात नाही, भिऊन जागा सोडण्यात वाईट आहे. मग तुझा राग माझ्या नेमाकडे वळायचा. रायफल मला तूच शिकवलीस, परवान्यावर राखणीसाठी माझं नावही तूच घालून घेतलंस, आणि तरी दर सुटीत एकच टोमणा, "कुसे, तू नेम धरतं, पण श्वास धरत नाही. तुहा राग बंदुकीच्या आधी सुटते." खरं होतं. माझी गोळी नेहमी मातीत जायची. लाल चिंधीवर तर तू मला कधी गोळी घालूच दिली नाहीस.

तुझं दुखणं चार-दोन दिवसांचंच झालं. तू गेल्याचं विनायकनं पेपरात छापून आणलं आहे, 'प्रगतिशील बागाईतदार' वगैरे. वानराच्या सुतकाचा उल्लेख त्यात नाही. मी तो कागद ठेवला नाही. तुझ्या आयुष्यात सांगण्यासारखी तीच गोष्ट होती, आणि तीच त्यानं गाळली.

तुझी आठवण येते ती रागातूनच येते, भाऊ, काय करू? माळ्याखाली तुझ्या वहाणा तशाच आहेत. परवा मी त्या घालून बघितल्या, मोठ्या होतात. तिथंच बसून मी मनसोक्त रडले, आणि वरून वानरं बघत होती. मग मला त्यांचाही राग आला. तुझ्यासाठी त्यांच्यापैकी कुणी डोकं उतरवलं नाही!

आता कागदोपत्री काय चाललं आहे ते सांगते. तू गेलास तसा परवानाही गेला, रायफल ठाण्यात ठेवावी लागते, आणि वारसानं नवा परवाना मागायचा. विनायकनं अर्ज केला आहे. मीही केला आहे. मामलेदार कचेरीतला कारकून माझा अर्ज वाचून म्हणाला, "बाई, कारण लिहा. कशासाठी पाहिजे?" मी लिहिलं, वानरांना न मारता बाग राखण्यासाठी. तो म्हणाला, "असं कारण कोणी देत नाही." मी म्हटलं, "मग मी पयली." विनायकनं वर सांगून ठेवलं असेल, साहेब हसतील, अर्ज नाकारतील. नाकारू दे. मी पुन्हा करीन. मी शिकवलेल्या मुली आता कुणाकुणाच्या बायका, कुणाच्या सुना आहेत, आणि त्यांतल्या एकीचाही नवरा मला ओळखत नाही असं होणार नाही. विनायकला परवाना मिळालाच तर त्याला रायफल मिळेल, फुंकणी मिळणार नाही. आणि त्याचा डोळा तुझ्यापेक्षा म्हातारा आहे.

ठेकेदारालाही मी सांगितलं आहे. बहार सोडायचा असेल तर खुशाल सोड. झाकणं आहेत तिथंच राहतील.

एक गोष्ट मात्र ठाण्यातल्या हवालदाराला सांगितली नाही, ती तुला सांगते. रायफल जमा करायला निघण्याआधी, काल सकाळी, मी ती घेऊन माळ्यावर चढले. परवाना संपला आहे हे मला ठाऊक होतं. ज्याला माझ्यावर खटला भरायचा त्यानं भरावा, वकील घरातच आहे. विनायक जीप घेऊन आला होता. मी वर चढलेली बघून शिडीच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला.

ऊन नुकतंच धुऱ्यावर आलं होतं. कळप उतरला होता. आणि लाल चिंधीच्या झाकणाखाली, अगदी त्याच जागी, एक मोठा हुप्या संत्रं सोलत बसला होता. खालून विनायक कुजबुजला, "पाय नं, समोरच बसला हाय. मार त्याले. आत्ताच्या आत्ता निकाल लाव." मी दुर्बिणीला डोळा लावला. हुप्याचं तोंड दिसलं, म्हाताऱ्या माणसासारखं, मिशा रसानं भिजलेल्या. त्याच्या डोक्यावर झाकण होतं. मला भीती वाटत होती, भाऊ, आणि मी जागा सोडली नाही. फुली मी वर, अगदी वरच्या काठावर नेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा राग आत ठेवून श्वास धरला.

झाकण वाजलं. गिरकी घेतली नाही, नुसतं वाजलं. हुप्या संत्रं टाकून उडाला, अख्खा कळप आरडाओरडा करत डोंगराकडे गेला, आणि बागेत झाकणाचा आवाज घुमत राहिला.

विनायक खालून म्हणाला, "चुकली नं?"

मी वरूनच सांगितलं, "लागली."